माळ कधी राखायचा, कधी सोडायचा : वर्षभराच्या चाऱ्याचं गणित

मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत माळ हिरवा दिसायला लागतो आणि गावातली सगळी जनावरं लगेच माळावर सुटतात. नेमकं तिथंच वर्षाचा चारा बुडतो. चाऱ्याची काळजी सगळे करतात ती मार्च-एप्रिलमध्ये, कडबा महाग झाल्यावर. पण उन्हाळ्यात चारा तयार होत नाही हो, तो फक्त खाल्ला जातो. तयार होतो तो आषाढ-श्रावणात, आणि तेव्हाचे सहा-आठ आठवडे माळ राखला की नाही यावर पुढचं सगळं ठरतं. ज्यांच्याकडं शेळ्या-मेंढ्या आहेत, दोन-चार गाई आहेत, थोडं स्वतःचं पड रान आहे किंवा गायरानावर भिस्त आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्या डोळ्यासमोर माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत हा पट्टा आहे, म्हणजे वर्षाला ५०० मिमीच्या आसपास पाऊस आणि त्यातला बराचसा परतीचा. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पाऊस भरपूर आणि गवत झपाट्यानं वाढून जून होतं, तिथल्यांनी तारखा थोड्या पुढंमागं कराव्यात, पण गवताचा स्वभाव सगळीकडं तोच.

तो स्वभाव आधी समजून घ्या, बाकी सगळं त्यातूनच निघतं. पवना, मारवेल, शेडा, अंजन ही आपली चांगली गवतं बहुवार्षिक आहेत. उन्हाळ्यात वरून वाळून जातात पण खाली मुळं आणि ठोंब जिवंत असतो, आणि पहिल्या पावसावर जो कोंब येतो तो मुळांत गेल्या वर्षी साठवलेल्या अन्नावर येतो. तीन-चार पानं धरून वीतभर उंच होईपर्यंत गवत त्या शिलकीवरच जगत असतं. पानं मोठी झाली की मग ते स्वतःचं अन्न करायला लागतं आणि मुळांना परत द्यायला लागतं. आता कोंब दोन बोटं वर आला की मेंढीनं तो जमिनीलगत खाल्ला, पुन्हा आला, पुन्हा खाल्ला, असं चार वेळा झालं की शिल्लक संपते, मुळं आखडतात आणि पावसाची उघडीप पडली की तो ठोंब मरतो. आणि जनावर आधी खातं ते चवीचं गवत, म्हणजे मरतं तेही तेच. पवना, मारवेल जातं, मग कुसळी वाढते, मग तरोटा आणि गाजरगवत. तुमच्या माळावर तरोटा माजला असेल तर पाऊस कमी झालाय असं नका म्हणू, चराई जास्त झालीय.

म्हणून पहिलं काम, मृगापासून साधारण श्रावणाच्या मध्यापर्यंत माळाचा निदान एक भाग पूर्ण बंद ठेवायचा. सगळा बंद ठेवता आला तर उत्तमच, पण लहान शेतकऱ्याला ते जमत नाही हे मला माहितेय. तेव्हा चार भाग करा. एक भाग यंदा दिवाळीपर्यंत, म्हणजे बी पडेपर्यंत, अजिबात चारायचा नाही. उरलेले तीन आळीपाळीनं. पुढच्या वर्षी दुसरा भाग बंद, मग तिसरा, मग चौथा. चार वर्षांत प्रत्येक तुकड्याला एकदा बी धरून पाडायची संधी मिळते आणि यासाठी पैसा लागत नाही, फक्त हद्द पाळायला लागते. तारकंपाउंड परवडत नसेल तर बांधावर निवडुंग, शेर, घायपात लावा, नाहीतर सरळ राखणदार.

मग जून-जुलैत जनावरं खाणार काय? हा प्रश्न सगळे विचारतात आणि बरोबरच आहे. उत्तर असं की कडबा मे अखेरीस संपवायचा नाही, जुलैच्या मध्यापर्यंत पुरेल असा राखायचा. आपल्याकडं हिशोब नेहमी "पाऊस पडेपर्यंत" असा धरतात, तो "पाऊस पडल्यावर दीड महिना" असा धरला की माळ वाचतो. त्याशिवाय बांधावरचं गवत विळ्यानं कापून आणायचं, शेवरी-हादग्याचा पाला, आणि एक तुकडा असा ठेवायचा की जो आधीच खराब आहे, तिथं जनावरं फिरवायची, त्याचं नुकसान होईल ते होऊ द्या पण बाकीचे तीन वाचतील. अजून एक, या दिवसांतलं कोवळं गवत म्हणजे बहुतेक पाणीच असतं. जनावर दिवसभर चरून पण पोट भरत नाही आणि पातळ हगवण लागते. सकाळी माळावर सोडण्याआधी थोडा कोरडा चारा पोटात गेलाच पाहिजे.

आता आळीपाळीनं चारायचं म्हणजे किती दिवस? इथं अंदाजावर न जाता एकदा मोजून बघा. एक मीटर बाय एक मीटरची चौकट करा, काठ्यांची चालेल, माळावर पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी टाका (चांगलं गवत दिसतंय तिथंच टाकू नका), आतलं गवत कापा, उन्हात खडखडीत वाळवा आणि वजन करा. समजा सरासरी १०० ग्रॅम आलं. एकरात साधारण ४००० चौरस मीटर, म्हणजे ४०० किलो वाळलं गवत. त्यातलं निम्मं जनावराचं आणि निम्मं माळाचं, म्हणजे खायला २०० किलो. तीसेक किलोच्या शेळीला किंवा मेंढीला दिवसाला वाळल्या हिशोबानं साधारण एक किलो लागतं. तुमच्या वीस शेळ्या असतील तर तो एकर दहा दिवस पुरला, अकराव्या दिवशी तिथून हलायचं. गाय असेल तर वजनाच्या अडीच ते तीन टक्के धरा, ४०० किलोच्या गाईला १० ते १२ किलो. चाऱ्याच्या हिशोबानं एक मोठं जनावर म्हणजे दहा-बारा शेळ्या-मेंढ्या असं ढोबळ गणित. तो "निम्मा माळाचा" भाग सोडायला जीव होत नाही लोकांचा, पण तोच पुढच्या वेळी परत फुटतो, जमीन झाकतो आणि पावसाचं पाणी मुरवतो. आणि मोजायला वेळ नसेल तर नजरेनं एवढं बघा की गवत वीत-दीड वीत झाल्यावर आत सोडायचं आणि चार बोटं उरलं की बाहेर काढायचं, मग पुन्हा वीत होईपर्यंत तिकडं फिरकायचं नाही. चांगल्या पावसात हे महिन्याभरात होतं, उघडीप पडली तर दोन महिने पण लागतात, कॅलेंडर बघून नाही तर गवत बघून हलायचं.

कुसळीचं वेगळं सांगतो कारण मेंढीवाल्यांना तिचा त्रास फार. कोवळी असताना कुसळी वाईट गवत नाही, जनावर आवडीनं खातं. पण फुलून कुसळं धरली की ती तोंडात टोचतात, लोकरीत अडकतात आणि पिळा घेत कातडीत घुसतात, जखमा होतात, लोकर खराब. म्हणून ज्या भागात कुसळी जास्त आहे तो भाग आधी चारायचा, जुलै-ऑगस्टमध्ये, आणि फुलायच्या आत दाबून खाऊ द्यायचा. पवना-मारवेल ज्या भागात टिकून आहे तो राखायचा. असं दोन-तीन वर्षं केलं की कुसळीचं बी कमी पडतं आणि चांगल्या गवताचं वाढतं.

चांगलं गवत पार गेलंच असेल तर लावावं लागेल. मारवेलच्या बियांचा भरवसा कमी, ठोंब फोडून जुलैच्या झडीत लावा, लगेच धरतात. पवना, अंजन बियांवर येतं पण ताज्या बीची उगवण कमी असते, दिवाळीत गोळा केलेलं बी सुकं ठेवून पुढच्या मृगात पेरायचं. बी हलकं असतं, वाऱ्यानं उडतं, मुंग्या नेतात, म्हणून माती-शेणात कालवून गोळ्या करून टाकतात. खोल पेरायचं नाही, वरवर माती ओढली की बास. समतल चर काढलेले असतील तर चराच्या भरावावर टाका, तिथं ओल टिकते. आणि गवताबरोबर स्टायलो नक्की टाका. ती शेंगवर्गीय आहे, हवेतला नत्र मुळाशी धरते, त्यामुळं शेजारच्या गवतालाही फायदा आणि चाऱ्यात प्रथिनं वाढतात. एकरी दोन किलो बी पुरे. फक्त बीचं कवच टणक असतं, तेव्हा साधारण ८० अंशाच्या गरम पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून, मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवून टाका, नाहीतर निम्मं बी उगवणारच नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात चारा पिकांचं संशोधन चालतं, तिकडं गवतांचे ठोंब आणि बी याची चौकशी करा, तसंच उरुळी कांचनला बाएफ या पशुपालनात काम करणाऱ्या संस्थेकडं. लावलेल्या तुकड्यात पहिल्या वर्षी जनावर अजिबात नाही, फक्त विळा.

भाद्रपद-आश्विन हा माझ्या मते वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा काळ आणि सगळ्यात दुर्लक्षित. उत्तरा-हस्ताच्या पावसावर गवत निसवतं, फुलोरा येतो. राखलेलं गवत कापायची वेळ ही, निम्मं गवत फुलोऱ्यात आलं की. पण आपण काय करतो, अजून वाढतंय म्हणून थांबतो, मग सोयाबीन-बाजरीची काढणी, मग दिवाळी, आणि कापायला जातो नोव्हेंबरच्या शेवटी. तोपर्यंत बी पडलेलं असतं, पानं गळलेली आणि उरलेला नुसता पिवळा धांडा. वजन भरतं पण त्यात दम नसतो, प्रथिनं निम्म्याहून कमी झालेली असतात. दसऱ्याच्या आसपास कापलेलं हिरवट वाळलं गवत आणि डिसेंबरमधलं पिवळं गवत या दोन पेंढ्या जनावरापुढं ठेवून बघा, तेच सांगेल. कापताना चार बोटं वर कापा. दोन-तीन दिवस पातळ पसरून उलटंपालटं करा, मोडल्यावर कट्ट वाजलं की बांधा. ओलं गंजीला घातलं की आतून तापतं आणि बुरशी धरते, ती पेंढी जनावराला घालू नका, गाभण शेळ्यांना तर बिलकुल नाही. आणि बी धरायला ठेवलेला चौथा भाग यातून वगळायचा, तो बी पडल्यावर कापायचा किंवा चारायचा. तिथं जनावरं चालली की खुरानं बी मातीत दाबलं जातं, ते चांगलंच.

दिवाळीच्या सुमारास हिशोबाला बसा. गंजीत गवत किती, ज्वारीचा कडबा किती येईल, विहिरीला पाणी कुठवर. कडब्याच्या पेंढ्या मोजून उपयोग नाही, गावागावात पेंढीचा आकार वेगळा. दहा पेंढ्या तोलून सरासरी काढा. वीस शेळ्या धरल्या तर रोज २० किलो, त्यातलं निम्मं बांध, झाडं आणि सड (कापणीनंतर रानात उरलेले खुंट) यातून भागेल असं समजलं तरी फेब्रुवारी ते जुलैचा मध्य, साधारण १६५ दिवस, म्हणजे १६५० किलो साठा लागतो, वर वाया जाणारा धरून १९०० म्हणा. नसेल तर विकायचं, आणि तेव्हाच विकायचं. दिवाळीला जनावर अंगावर असतं, भाव बरा मिळतो. एप्रिलमध्ये सगळेच बाजारात येतात, जनावर हाडावर आलेलं असतं आणि मिळेल त्या भावाला द्यावं लागतं. २०१२-१३ ला आणि पुन्हा २०१८-१९ ला दुष्काळात चारा छावण्या लागल्या तेव्हा हेच बघितलं सगळ्यांनी. भाकड, म्हाताऱ्या, दोनदा गाभडलेल्या शेळ्या आधी काढा, जातीवंत पाट्या (अजून न व्यालेल्या तरुण शेळ्या) आणि खात्रीच्या माद्या शेवटपर्यंत धरून ठेवा.

पाणी असेल त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाच-दहा गुंठे तरी लसूणघास टाकावा, आणि पाटाच्या कडेनं हायब्रीड नेपियर. नेपियरची पहिली कापणी दोन-सव्वादोन महिन्यांनी, नंतर दर ४५-५० दिवसांनी, फार जून करू नका. लसूणघास दवानं ओला असताना उपाशी जनावराला भरपूर घातला तर पोट फुगतं, डावी कूस ढोलासारखी होते, आणि त्यात जनावर तासाभरात जाऊ शकतं. कापून थोडा सुकवून, आधी कडबा घालून मग द्यायचा. मका असेल तर मुरघास, म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा, करा, कणीस चिकात आलं की कापायचं, दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी, पिशवीत थराथरानं तुडवून हवा पूर्ण काढायची, ४५ दिवसांनी उघडायचं. यात सगळा खेळ हवेचा आहे, पिशवीला उंदरानं एक भोक पाडलं तरी तेवढा भाग काळा पडतो, तो काढून फेकायचा. शेळ्यांना सुरुवातीला मूठभरच, सवय होऊ द्या.

याच दिवसांत मेंढपाळ धनगर कळप घेऊन खाली उतरतात, कोकणाकडं किंवा नदीकाठच्या बागायतीकडं, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात, कारण कोकणातल्या मुसळधार पावसात दख्खनी मेंढी टिकत नाही, खुरं सडतात. मला हे वर्षाचं चक्र फार शहाणपणाचं वाटतं. माळाला विसावा मिळतो, मेंढ्यांना कापणीनंतरची सडं मिळतात आणि शेतकऱ्याला रात्रीच्या बसण्यातून लेंडीखत. तुमचं रान मोकळं असेल तर कळप बसवून घ्या, रासायनिक खताच्या पोत्यापेक्षा जमिनीला ते जास्त दिवस पुरतं.

ज्वारीबद्दल मात्र डोळ्यात तेल घालून राहा. कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्याच्या ताणानं खुरटलेली, आणि कापल्यावर सडाला फुटलेले धुमारे, यात विष असतं, आपल्याकडं त्याला किरळ लागणं म्हणतात. जनावर खाल्ल्यावर थोड्याच वेळात धापा टाकतं, लटपटतं, पडतं. याच्यावर इंजेक्शन आहे पण वेळ फार कमी असतो, लगेच डॉक्टरला फोन करायचा, घरगुती उपाय करत बसायचं नाही. टाळणं सोपं आहे, फुलोऱ्याच्या आधी हिरवी ज्वारी घालायची नाही आणि फुटव्याच्या रानात जनावर सोडायचं नाही. तशीच घाणेरी, तिनं लिव्हर जातं आणि उन्हात कातडी सोलते. एरवी जनावर तिला तोंड लावत नाही, पण उपाशी असलं की लावतं.

उन्हाळ्यात माळावर काही नसतं, तरी लोक जनावरं फिरवत राहतात. चार किलोमीटर चालून जनावर जेवढं खातं त्यापेक्षा जास्त चालण्यात घालवतं, आणि वाळलेले ठोंब खुरांनी उखडतात ते वेगळंच. मार्च ते मे माळ बंद, सकाळी दोन तास झाडाखाली फिरवा तेवढं पुरे. हा काळ झाडांचा आहे, बाभळीच्या शेंगा, बोर, शेवरी, उंबर, वड. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, केस गळतात. वेड्या बाभळीच्या शेंगा गोड असतात, जनावर खातं, पण बी न पचता लेंडीतून पडतं आणि पुढच्या वर्षी माळभर तीच, तेव्हा त्या शेंगा दळून घाला नाहीतर घालू नका. फांद्या छाटताना शेंडा राखायचा, बोडकं झाड दोन वर्षं काही देत नाही.

कडबा कुट्टी करूनच घाला, अख्खा टाकला की बराचसा पायाखाली जातो. नुसता भुसा किंवा भाताचा पेंढा असेल तर युरिया प्रक्रिया करा, १०० किलोला ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर शिंपडायचा, दाबून प्लॅस्टिकनं झाकून २१ दिवस ठेवायचं. खडा राहिला तर विषबाधा होते म्हणून पूर्ण विरघळवायचं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासराला घालायचं नाही. उसाचं वाढं (वरचा पाल्याचा शेंडा) स्वस्त मिळतं पण त्यातलं ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, दुभत्या गाई यानं खाली बसतात, उठू शकत नाहीत. वाढ्यावर असाल तर खनिज मिश्रण बंद करू नका, गाईला रोज ५० ग्रॅम, शेळीला १०-१५.

वणव्याचं पण बोलायला हवं. जाळलं की गवत चांगलं फुटतं असं जुनी माणसं म्हणतात. फुटतं हिरवं हे खरं, पण जमिनीवर पडलेलं बी जळतं, जमीन उघडी पडते आणि पहिल्या वळवानं वरची माती वाहून जाते. त्यात पक्ष्यांची अंडी, ससे, सगळं जातं. आपल्या माळांवर अजून लांडगा, चिंकारा टिकून आहेत, सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे ते याच माळाचं, गवत त्यांचंही आहे. डिसेंबरच्या आत राखलेल्या भागाभोवती तीन-चार मीटरचा पट्टा साफ करून जाळरेषा काढा.

मे महिन्यात दोन कामं. आंत्रविषाराची लस पावसाच्या आधी, कारण कोवळ्या गवतावर हा आजार उठतो आणि संध्याकाळी ठणठणीत असलेलं कोकरू सकाळी मेलेलं सापडतं. आणि जंताचं औषध, लेंडी तपासून घेतली तर कुठलं द्यायचं ते कळतं, नाहीतर तेच ते औषध वापरून जंत त्याला दाद देईनासे होतात. पाणथळीच्या काठाला चारणार असाल तर पावसाळा संपल्यावर चपट्या कृमीचंही.

आता गायरान. स्वतःचं रान राखणं आपल्या हातात, पण गायरानात मी राखलं तर दुसरा चारेल ही भीती असते, आणि ती खोटी नाही. यावर एकच गोष्ट चाललेली दिसते, गावानं मिळून ठरवणं. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं १९९० च्या दशकात चराईबंदी-कुऱ्हाडबंदी केली, जनावर आत नाही पण विळ्यानं गवत कापून न्यायला मुभा, आणि मग तिथं पाण्याबरोबर गवत वाढलं आणि दूधही. पण बंदी सरसकट लादली की मरतो तो शेळीवाला, ज्याच्याकडं शेत नाही. त्यामुळं सगळं बंद न करता एक चतुर्थांश बंद, दर वर्षी तुकडा बदलायचा, आणि बंद तुकड्यातलं गवत कापायचा पहिला हक्क भूमिहीन घरांना, असं ठेवा. मेच्या ग्रामसभेत विषय घ्या, मृगाच्या आधी. हद्द दगडांना चुना लावून सगळ्यांदेखत आखा, उघडायची तारीख ठरवून बोर्डावर लिहा, राखणदाराचा पगार घरटी जनावरामागं वर्गणीतून काढा, आणि बाहेरून येणारा कळप कुठल्या वाटेनं जाईल, कुठं पाणी पिईल हेही त्याच बैठकीत धनगर मंडळींना बोलावून ठरवा, कारण वाट बंद केली तर भांडणं जुलैत होतात आणि राखलेला तुकडा त्यातच तुडवला जातो.